बादलीवरची चिठ्ठी

दार लावून घ्या आणि चौघंही इथे समोर उभे राहा. वह्या काढू नका. आज मी शिकवणार नाही, बोलणार आहे, आणि मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही.

हा नॉब ओळखता ना? गाडीच्या एसीचा, ए.बी.एस.चा. काल दुपारी तुम्हीच माझ्या टेबलावर आणून ठेवलात. आरशासारखा झालाय, कुठे फोड नाही, कुठे डाग नाही. खाली अहवाल ठेवलात आणि त्यात टंकलंय: 'क्रोमिक ॲसिड न वापरता, परमँगनेटने एचिंग केलेला नमुना.' मी तुमची पाठ थोपटली. घरी जाऊन जेवताना यांना सांगितलं की या वर्षीच्या पोरांनी काहीतरी करून दाखवलं. बावीस वर्षांत मी फार थोड्या मुलांबद्दल घरी बोललेय.

आज सकाळी नॉब उचलला तर खालच्या कागदावर डाग. मागच्या बाजूला स्क्रूसाठी जे आंधळं भोक आहे ना, आरपार न गेलेलं, त्यातून रात्रीत एक थेंब पाझरला होता. मँगनीजचा असता तर तपकिरी पडला असता. हा पिवळा होता, कडेला केशरी. तो पिवळा मी तुमच्या वयाची होते तेव्हापासून ओळखते.

मग लॅबमध्ये गेले. नॉब अडकवून द्रावात बुडवायचं तुमचं जिग खिळ्याला टांगलेलं होतं. त्याचं पी.व्ही.सी.चं आवरण स्वच्छ, काळं, निकेलचा कणही नाही. तुम्हाला वाटलं असेल की नॉब चकचकीत झाला म्हणजे साक्षीपुरावा संपला. अरे, जिग बोलतं! क्रोमिकमधून निघालेल्या जिगच्या आवरणात थोडं क्रोम मुरून बसतं आणि तिथे निकेल चढवणाऱ्या पॅलेडियमला काम करू देत नाही, म्हणून निकेल फक्त वस्तूवर चढतं. परमँगनेटमध्ये ती अडवणूक नसते. तिथे वेगळा उपाय केला नाही तर जिगसुद्धा निकेलने मढून निघतं, आणि ही पद्धत आणू पाहणाऱ्या प्रत्येक कारखान्याची ती पहिली तक्रार असते. तुमच्याच अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात हे वाक्य आहे. कुठून तरी उतरवलंत, वाचलं नाहीत.

आणि मग सिंकखाली ती बादली. मार्करने लिहिलेली चिठ्ठी, वर सेलोटेप: 'परमँगनेट रिन्स. क्रोम नाही.' आतलं पाणी पिवळं. परमँगनेटचा गुलाबी लवलेश नाही. परीक्षानळीत थोडं घेतलं, सौम्य सल्फ्युरिकने आम्ल केलं, डायफिनाइलकार्बझाइडचे दोन थेंब टाकले. जांभळं झालं. इतकं गडद की नळीपलीकडचं माझं बोट दिसेना. षट्संयुजी क्रोमियम.

नापास होण्याची भीती वाटत असेल, तर ती आत्ता बाजूला ठेवा. त्याहून मोठी गोष्ट घडली आहे. मी पोचले तेव्हा बादली अर्धी झालेली होती. लॅब साफ करणाऱ्या मावशींनी त्यात फडकी खळबळली होती, उघड्या हातांनी. त्यांच्या डाव्या तर्जनीवर भाजी चिरताना कापल्याची ताजी चीर आहे. मी ओरडले तर त्या शांतपणे म्हणाल्या, ''बाई, चिठ्ठी वाचली ना मी. क्रोम नाही असं लिहिलं होतं, म्हणून मोजे नाही घातले.''

नऊ वर्षांपूर्वी त्या इथे लागल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून लॅब दाखवली होती. ज्या भांड्यावर 'क्रोम' लिहिलंय त्याला हात लावायचा नाही, मला हाक मारायची, एवढं एकच सांगितलं होतं. नऊ वर्षांत त्यांनी एकदाही चूक केली नाही. चूक तुमच्या अक्षराने केली. पंधरा मिनिटं त्यांचे हात नळाखाली धरून मी उभी होते. डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, ते जखमेवर लक्ष ठेवणार आहेत. मान खाली घालू नका. माझ्याकडे बघा.

क्रोमिक काय करतं ते तुम्ही परीक्षेत लिहिता. मी पाहिलंय. नोकरीची पहिली चार वर्षं मी एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅब केमिस्ट होते. एचिंगच्या टाकीवर एक काका होते. टाकीत लिटरला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम क्रोमिक, जवळपास तितकंच सल्फ्युरिक, तापमान 65 ते 70 अंश, आठ मिनिटांनी जिग वर, पुन्हा खाली. दिवसभर त्या वाफेवर वाकलेले. बोलताना त्यांच्या नाकातून बारीक शीळ वाजायची. मला वाटायचं सवय असेल. एके दिवशी त्यांनीच सांगितलं की नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा आरपार फुटलाय. दुखत नाही म्हणाले. तेच वाईट. क्रोमचं क्षत पुष्कळदा दुखत नाही. बोटाच्या पेरावर पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं, कडा उंच, आणि माणूस त्यावर चिंधी बांधून कामाला लागतो. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत हा व्रण सरकारला कळवण्याच्या रोगांत नाव घालून नोंदवलेला होता. त्या चार वर्षांत मी तिथे अशी एकही नोंद झालेली पाहिली नाही. मी स्वतः तोंड उघडलं नाही, ही माझी चूक. ती अजून मला झोपेतून उठवते, आणि म्हणूनच या विषयावर प्रकल्प करा असा आग्रह मी तुम्हाला धरला होता.

क्रोम शरीरात शिरतं कसं, तेही नीट समजून घ्या. क्रोमेटचा आयन घडणीने सल्फेटसारखा दिसतो. पेशी त्याला सल्फेट समजून स्वतःच्या दारातून आत घेते. आत गेल्यावर त्याचं क्षपण होतं, आणि त्या वाटेत तो डी.एन.ए.ची नासधूस करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेला पदार्थ. युरोपात 21 सप्टेंबर 2017 नंतर खास परवानगीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये नियम केला की शोभेच्या प्लेटिंगमधून हे 2027 पासून बंद. इतकं सगळं कशासाठी, तर नॉब चमकावा म्हणून.

अर्धी बादली मोरीत गेली. किती गेलं याचा अंदाज आहे तुम्हाला? फळ्यावर करा. लिटरला 400 ग्रॅम क्रोमिक, त्यात क्रोमियम 208 ग्रॅम. म्हणजे टाकीतल्या एका मिलिलिटरमध्ये 208 मिलिग्रॅम. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. भागा. 2,080 लिटर. थेंबाथेंबाने मोजायच्या एका मिलिलिटरला मर्यादेत आणायला गच्चीवरच्या दोन हजार लिटरच्या टाकीहून जास्त पाणी लागतं. तुमच्या नॉबच्या आंधळ्या भोकात अर्धा मिलिलिटर सहज मावतो. तुम्ही किती नॉब बुडवलेत? तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना 1990 च्या दशकात बंद पडला. त्याच्या आवारात लाखाहून अधिक टन कचरा तसाच उरला, आणि तिथलं भूजल पिवळं झालं. कारखाना बंद झाला म्हणून पाण्यातलं क्रोम बंद होत नाही.

आता मुळाशी येऊ. तुम्ही असं का केलंत, हे मला कळलंय. परमँगनेटचा नॉब सोलला. मला ते नॉब कचऱ्याच्या डब्यात तळाशी मिळाले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. सात आहेत. हे बघा. सातही ठिकाणी निकेल कुठे उचकटलंय? एकाच जागी. या कडेला, जिथे साच्यात प्लास्टिक शिरलं त्या गेटभोवती. बाकी तुकडा मी आज नखाने, मग चाकूने खरवडला. चिकटून आहे. म्हणजे तुमचं एचिंग बऱ्याच भागावर जमलं होतं! तुम्हाला ते दिसलंच नाही, कारण तुम्ही बघितलंच नाही.

ए.बी.एस.मध्ये ब्युटाडाईनच्या रबराचे सूक्ष्म गोळे पसरलेले असतात. एचिंग ते गोळे खातं, मागे मायक्रॉनहून लहान खड्डे उरतात, आणि निकेल त्यात मूळ धरतं. साचा थंड असला आणि माल जोरात ढकलला, तर गेटजवळ ते गोळे ताणून चपटे होतात. मग खड्डे उथळ पडतात आणि मूळ धरत नाही. हा दोष मोल्डिंगचा. त्यातून तुम्ही नॉब आणलेत कुठून? भंगारातून. प्लेटिंग ग्रेडचा माल आहे की पुन्हा दळलेला, विचारलंत? काचेच्या भांड्यात ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घ्यायचं, नॉब अर्धा मिनिट बुडवायचा, धुऊन वाळवायचा. जिथे ताण कोंडलाय तिथे पांढरं फटफटतं. पहिल्या सत्रात मी ही चाचणी तुमच्यासमोर केली होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! दोष साच्याचा, आणि तुम्ही गुन्हेगार ठरवलंत परमँगनेटला.

क्रोमिक साठ वर्षं टिकलं त्याचं कारणच हे आहे. ते मोल्डरच्या चुका पोटात घालतं. घाईत काढलेला माल, साफ न केलेला तेलकट हात, दोन मिनिटं कमी-जास्त, सगळं खपवून घेतं, आणि त्याची किंमत टाकीवर वाकलेला माणूस मोजतो. परमँगनेट तसं खपवून घेत नाही. त्याला आधी पृष्ठभाग फुगवणारा द्राव लागतो, तापमान काटेकोर लागतं, माल चांगला लागतो. म्हणजे काळजी घ्यायची पाळी मोल्डरवर, इंजिनिअरवर, तुमच्यावर येते. ती तुम्हाला नको होती.

आणि समजा परमँगनेट जमलं असतं, तरी अहवालातलं तिसरं पान मी फाडलंच असतं. 'ही पद्धत पूर्णतः निर्धोक आहे.' कुणी लिहिलंय हे? तुम्ही परमँगनेटच्या कोरड्या स्फटिकांवर तीव्र सल्फ्युरिक ओतलं होतं, हे तुमच्या निरीक्षण वहीत आहे: 'हिरवट तेलकट थर दिसला.' दिसला, आणि पुढे गेलात! तो मँगनीज हेप्टॉक्साइड. तो आपोआपही स्फोट पावू शकतो. एखाद्या चिंधीचा धागा त्याला लागला असता तर आज मी तुमच्या आईवडिलांना फोन करत असते. ॲसिड आधी पाण्यात सौम्य करायचं, थंड होऊ द्यायचं, मग त्यात परमँगनेट. हे आठवीच्या मुलालाही सांगता येतं.

पुढचं बघा. एचिंगनंतर नॉबवर तपकिरी मँगनीज डायऑक्साइड बसतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलेल्या सौम्य सल्फ्युरिकमध्ये काढायचं असतं. तुम्ही नुसतं पाण्याखाली धरलंत आणि हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवलंत. परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक एकत्र आले की क्लोरीन सुटतो. त्या दिवशी चौघंही खोकत बाहेर आलात आणि मला सांगितलंत, धूळ होती. तोच गाळ पुढे पॅलेडियमच्या द्रावात गेला. त्या द्रावात पॅलेडियमचे कण कथिलाने धरून ठेवलेले असतात. कथिलाचं ऑक्सिडीकरण झालं की कण गोळा होऊन तळाला बसतात. कॉलेजने वर्षभरासाठी घेतलेली ती बाटली आठवड्यात काळी गढूळ झाली. मला वाटलं, जुनी आली असेल. पुरवठादाराला मी रागाने फोन केला. त्याची माफी मी आज मागितली. तुमच्यामुळे मागितली.

मँगनीजची धूळ श्वासातून वर्षानुवर्षं गेली तर मेंदूवर बसते, हात थरथरतात, चाल अडखळते, कंपवातासारखी. परमँगनेट नाल्यात गेलं तर मासे मरतात. फुगवण्यासाठी जे द्राव वापरतात त्यातला एन.एम.पी. गर्भाला घातक आहे. आणि एचिंग बदललं म्हणून निकेल कुठे पळालं? निकेलची संयुगंही त्याच पहिल्या गटात आहेत. प्लाझ्मा आहे, ओझोनचं पाणी आहे, सल्फर ट्रायऑक्साइडची वाफ आहे. प्रत्येकाची किंमत कुठेतरी, कुणीतरी मोजतंच. म्हणून मी विषयाच्या नावात 'कमी विषारी' लिहून दिलं होतं. 'कमी' हा शब्द तुम्हाला बुळचट वाटला आणि खोडून 'निर्धोक' घातलात. त्या एका 'कमी'साठी कारखान्यांतल्या, प्रयोगशाळांतल्या लोकांची वर्षं गेलीत. कशापेक्षा कमी, कुणाला कमी, किती कमी, मोजलं कशाने, हे चार प्रश्न त्या शब्दात आहेत. खोडलात तेव्हा चारही खोडलेत.

हे प्रश्न न विचारल्याने काय होतं त्याचं उदाहरण तुमच्याच विषयात आहे. क्रोमिकच्या टाकीतून उडणारे तुषार कामगाराच्या नाकात जाऊ नयेत म्हणून पृष्ठताण कमी करणारं एक रसायन टाकीत घालत असत. पी.एफ.ओ.एस. चांगल्या हेतूने घालत. तुषार खरंच कमी झाले. मग कळलं की हे रसायन निसर्गात मोडतच नाही, माणसाच्या रक्तात साठून राहतं. 2009 मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर निर्बंध आले. आगीतून उठून फुफाट्यात. ज्यांनी ते आणलं त्यांनी निदान खोटं लिहिलं नव्हतं, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. क्रोमिकची बरणी कुलपात असते, किल्ली मागायला तुम्ही माझ्याकडे आलात आणि म्हणालात, 'तुलनेसाठी एक नमुना करायचाय.' मी विश्वासाने दिली.

सात सोललेले नॉब माझ्यासमोर ठेवले असते तर मी तुम्हाला रागावले असते, हे खरं. मग मी ॲसेटिक ॲसिड काढलं असतं, आपण पाचही जण गेटजवळचा तो पांढरा चट्टा बघत बसलो असतो, आणि तुमचा प्रकल्प कुठल्याही चकचकीत नॉबहून भारी झाला असता. भोसरी-चाकणच्या शॉपमधला माणूस हेच विचारतो: मॅडम, क्रोमिक सोडायला मी तयार आहे, पण माल सोलला तर गाडीवाला सगळा लॉट परत पाठवतो, मला सांगा कुठे सोलतो आणि का. त्याला द्यायचं उत्तर तुमच्या हातात होतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात टाकलंत.

आता ऐका. बाह्य परीक्षक पंधरा दिवसांनी येणार आहेत. मी तारीख बदलून घेणार नाही. हा अहवाल माझ्याकडे राहील, त्यावर माझी सही होणार नाही. नवा लिहायचा. पहिल्या पानावर ते सात नॉब, फोटोसकट, गेटची जागा बाणाने दाखवून. आठवा हा, क्रोमिकचा, त्याच्या खऱ्या नावाने. पील टेस्ट दोन्हींची, पट्टी कापून, वजन लावून, आकडा येईल तो. शून्य आला तर शून्य. प्लेटिंग ग्रेडचे नवे तुकडे मी स्वतः मागवलेत, परवा येतील.

उद्या सकाळी आधी ती उरलेली बादली. हातमोजे, चष्मा, ॲप्रन. ॲसिडने पी.एच. अडीचवर आणा, सोडियम मेटाबायसल्फाइट थोडं थोडं घाला. पिवळ्याचं हिरवं होईल. हिरवं दिसलं म्हणून थांबायचं नाही, डायफिनाइलकार्बझाइड टाकून बघायचं, जांभळं होणं बंद होईपर्यंत. मग चुन्याने साडेआठपर्यंत चढवा, गाळ बसू द्या, गाळ झाकणाच्या पिंपात. तो रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाईल. मोरीत धुऊन गेलं ते आता परत येत नाही. त्याचा आकडा फळ्यावर आहे, पुसायचा नाही.

चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं आहे ते मला कळलंय. नाव मी घेणार नाही आणि तुम्हीही एकमेकांची घेऊ नका. मावशी सकाळी सातला येतात. त्या दारातून आत येण्याआधी चौघं तिथे हजर असा. त्यांना काय झालं ते तुम्ही सांगायचं, मी नाही. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. त्यांचं बोट बघायचं. आणि बादलीवर नवी चिठ्ठी त्यांच्यासमोर लिहायची, मोठ्या अक्षरात, त्या वाचून 'बरोबर' म्हणेपर्यंत.